मी बूट काढले नाहीत

माझे पाय मोठे आहेत. बाईच्या मानाने मोठे, असं लोक म्हणतात. मी म्हणते, माझ्या मानाने बरोबर आहेत. ऐंशी उलटली तरी याच पायांनी मी आचऱ्याच्या बाजारात जाऊन मासे घेऊन येते, आणि माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान बायका रिक्षाची वाट बघत बसलेल्या असतात. "बाईनू, तुमचे पाय बरे रवले," म्हणतात. राहिले म्हणजे काय, आपोआप राहिले? या पायांसाठी मी गावाशी भांडले आहे, आणि घरात बाबांशीही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. मी सातवीची फायनल होऊन, मास्तरणीचं ट्रेनिंग करून आले आणि मला लोकल बोर्डाच्या शाळेत नोकरी लागली. शाळा घरापासून चार मैल, मसुऱ्याच्या बाजूला. सकाळी चार, संध्याकाळी चार. मळ्यातून जायचं, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यातून पलीकडे व्हायचं, मग सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ, चढून उतरायचा. एसटी तिकडे जात नव्हती आणि बाईमाणसाला सायकल कोण देणार? पण मला त्या चालण्याचं काही वाटत नसे. नोकरीचं अप्रूपच एवढं होतं.

शाळेच्या जरा अलीकडे त्या गावच्या मानकऱ्यांचं घर होतं. शाळा कमिटीचे अध्यक्षही तेच. बोर्डाचा रस्ता त्यांच्या अंगणाला अगदी लागून जायचा. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाच्या फणसापर्यंत चाळीस पावलं. एवढ्या चाळीस पावलांत कोणी पायात वहाण ठेवायची नाही, अशी रीत होती. मानकरी ओटीवर आरामखुर्चीत बसलेले असोत नाहीतर आत जेवत असोत, आपण वहाणा हातात घ्यायच्या आणि खाली मान घालून पुढे जायचं. चार मोठ्या घरचे पुरुष सोडले तर सगळ्यांना हा नियम, आणि बायकांचं तर बोलायलाच नको. ज्या चांभाराने अख्ख्या गावाच्या वहाणा शिवल्या, तोही तिथून स्वतःच्या वहाणा काखेत मारून जायचा. बाबांचा त्या गावात नारळ-सुपारीचा व्यापार होता, त्यामुळे त्यांना सगळं माहीत. पहिल्या दिवशी बरोबर येऊन त्यांनी मला दाखवून दिलं, इथे काढायच्या आणि फणसाकडे घालायच्या. मीही वर्षभर मुकाट्याने काढल्या.

पुढच्या वर्षी मानकऱ्यांनी घरावर मंगळुरी कौलं चढवली. जुने वासे आणि रिपा अंगणाच्या कडेला रस्त्यावर काढून टाकल्या. जूनमध्ये शाळा उघडली तोवर लाकडं उचलली होती, पण खिळे तिथेच राहिले होते. त्यातला एक गंजका खिळा माझ्या डाव्या पायात पेरभर घुसला. आणि माझ्या दोन्ही वहाणा कुठे? माझ्या हातात! मानकरी ओटीवर बसले होते म्हणून मी ओरडलेसुद्धा नाही. तशीच लंगडत फणसापर्यंत गेले, तिथे बसून खिळा उपसला, वहाण चढवली आणि शाळेत जाऊन मुलांकडून पाढे म्हणून घेतले. काय पण शहाणी! आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

घरी हळद-चुना भरला. चौथ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला आणि अंगात ताप भरला. बाबांनी गाडी जुंपून मला मालवणच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम चिरून पू काढला, इंजेक्शनं दिली आणि बाबांना सरळ सांगितलं, "आणखी दोन दिवस उशीर केला असता तर पाय गेला असता. पुन्हा या पायाला असं काही झालं तर मला सांगू नका." पाय गेला तर चार मैल कोण चालणार? नोकरी गेलीच म्हणून समजा. आणि नोकरी गेली की बाबांनी हेरून ठेवलेला बिजवर तयारच होता.

तिथे एक सिस्टर होत्या, आमच्याच बाजूच्या ख्रिस्ती बाई. पायात पांढरे बूट आणि तोंड म्हणजे करवत. पट्टी बांधताना त्यांनी विचारलं, "व्हाणो खंय होत्यो?"

"हातात," मी म्हटलं.

"कित्याक? हातांका खिळो लागणार होतो?"

मला इतकी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आलं. पण त्या बाई कसल्या थांबतात! रोज पट्टी बदलताना त्यांनी मला पाय कसे सांभाळायचे ते शिकवलं. "पाय म्हणजे तुझ्या शाळेतली पोरां. रोज हजेरी घेवक व्हयी," म्हणायच्या. संध्याकाळी घरी आल्यावर पाय साबणाने धुवायचे. बोटांच्या बेचक्या जुन्या धोतराच्या फडक्याने कोरड्या करायच्या, म्हणजे पावसात चिखल्या होत नाहीत. हातआरसा घेऊन तळवा बघायचा, कुठे काही टोचलंय, चिरलंय का. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. टाचांच्या भेगांना कोकमतेल लावायचं. भेग पडणं म्हणजे बाईच्या कष्टाचं कौतुक, असं आमच्या आईला वाटे. सिस्टर म्हणाल्या, "कौतुक नाय ता, आळस आसा."

जखम भरल्यावर व्यायाम सुरू झाले. दाराची चौकट धरून चवड्यांवर वीस वेळा उभं राहायचं. जमिनीवर चिंचोके पसरायचे आणि पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायचे. हे मी घरी करायला लागले तेव्हा पोर वेडी झाली असं वाटून आई म्हणाली, "चेडू खुळावला!" शेजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. मी म्हटलं, बघा, तिकीट नाही. महिन्याभरात डाव्या पायाला पहिल्यासारखा जोर आला.

राहता राहिले बूट. सिस्टरांचा हुकूम होता, जाड तळाचे, पुढून बंद, बोटांपुढे अंगठाभर जागा असलेले. बायकांसाठी असं काही मालवणात मिळेना. मग मुंबईच्या मामाला चिठ्ठी लिहिली, कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती काढली आणि पाठवून दिली. बूट आले, तर अंगठासुद्धा आत जाईना! मामाने लिहिलं होतं, "आकृती काढताना पेन्सिल सरकलेली दिसते. मुलीचा पाय एवढा नसतो, म्हणून दोन नंबर कमीचे घेतले." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बूट परत पाठवले आणि कार्डावर लिहिलं, "मामा, पेन्सिल सरकलेली नाही. पाय माझाच आहे." दिवाळीच्या आत कॅनव्हासचे पुरुषी बूट आले, नाडीचे, तपकिरी. अगदी मापात. तोवर मी वहाणा घालून, मानकऱ्यांचं अंगण टाळून, मळ्यातून लांबचा वळसा घेऊन शाळेत जात होते.

नऊवारी लुगडं आणि खाली बूट. रस्त्यावर पोरं ओरडली, "बाई पोलीस झाली!" होऊ दे. मी वळसा सोडला आणि सरळ रस्त्याने मानकऱ्यांच्या अंगणापाशी आले. खोटं कशाला सांगू, परत वळावंसं वाटलं. पण थांबले नाही.

ओटीवरून आवाज आला. "बाईनू, पायात ता काय?"

"बूट आसत," मी म्हटलं.

"आधी काडा."

"काढूचंय नाय. हयच माझ्या पायात तुमचो खिळो गेलो."

असं त्यांना आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. ते काही बोलायच्या आत मी फणस ओलांडला होता.

संध्याकाळी घरी निरोप पोचलेला. बाबा जेवले नाहीत. "चाळीस पावलांचो तर प्रश्न," म्हणाले. "तेवढ्यापुरते काडलंस तर काय बिघाडतला? माझो धंदो आसा थंय." मी म्हटलं, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीच ऐकलंत ना? मग?" ते उठून पडवीत जाऊन बसले. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. दुसऱ्या दिवशी बूट घालूनच निघाले.

मानकऱ्यांनी वर तक्रार केली. बाई उद्धट आहे, गावची रीत पाळत नाही, बदली करा नाहीतर काढून टाका. शाळा तपासायला डेप्युटी साहेब आले, गावात त्यांना सगळे दिपोटी म्हणत. मुलांचं वाचन ऐकलं, फळ्यावरची गणितं बघितली आणि जेवायला मानकऱ्यांकडे गेले. जेवण झाल्यावर मला तिथे बोलावणं आलं. कमिटी ओटीवर, मी खाली अंगणात, पायात बूट.

"बाई, तुम्ही इथून जाताना पादत्राणं काढत नाही, हे खरं?" साहेबांनी विचारलं.

"खरं आहे, साहेब. देवळात काढते, घरात काढते, वर्गात काढते. या पायरीवर चढायचं झालं तर इथेही काढीन. पण रस्ता बोर्डाचा आहे आणि पाय माझा आहे. तो एकदा जाता जाता राहिलाय." मग माझी नजर पायरीखाली गेली. तिथे साहेबांचे काळे बूट ठेवलेले होते. मी म्हटलं, "साहेब, आपण रस्त्यावरून या पायरीपर्यंत अनवाणी आलात का?"

साहेब स्वभावाने भित्रे, आणि पोटात मानकऱ्यांचं जेवण. स्वतःच्या बुटांकडे बघून म्हणाले, "खात्याच्या नियमांत पादत्राणांबद्दल काही लिहिलेलं नाही." आणि शेरेबुकात काय लिहिलं? "मुलांचे वाचन समाधानकारक." बस. नोकरी राहिली. सडा उतरताना मी एकटीच मोठमोठ्याने हसले, मग खूप रडले.

त्यानंतर मी दिसले की मानकरी आरामखुर्ची भिंतीकडे फिरवून घ्यायचे. शाळेच्या येण्या-जाण्याच्या वेळा त्यांना पाठ झाल्या होत्या. पुढे दहा-अकरा वर्षं मी तिथे शिकवलं, आणि हे शेवटपर्यंत चाललं. मी रोज त्यांच्या पाठीला मोठ्याने "येतंय हां" म्हणून पुढे जायची.

बाबांचा धंदा काही बुडाला नाही, पण ते माझ्याबरोबर त्या वाटेने यायचं टाळत. माझ्याआधी निघायचे, नाहीतर माझ्यामागून. एकदा मात्र वसुलीचं काम अगदी सकाळचं निघालं आणि आम्ही दोघं बरोबर निघालो. अंगण जवळ आलं तशी त्यांची चाल मंदावली. ओटीवर खुर्ची भिंतीकडे फिरली. बाबा सवयीने वाकले, हात वहाणेपर्यंत नेला. मी त्यांच्या शेजारी थांबले. त्यांच्या टाचांना केवढ्या भेगा होत्या. थोडा वेळ ते तसेच वाकलेले राहिले, मग सरळ झाले. वहाणा पायातच होत्या.

"इचारल्यान तर सांग," ते हळूच म्हणाले, "कमरेत उसण भरली हा म्हणान."

"मी नाय सांगूचंय," मी म्हटलं.

त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही चालायला लागलो. कोणी काही विचारलं नाही.