आत्याच्या माळावर झाडं लावू नका

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशकात एका छापखान्यात आमच्या पर्यावरण मोहिमेच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. आतेभाऊ नितीन एवढंच म्हणाला, "आई गेली गं. चहा ठेवला होता, तो घेतलाच नाही तिनं..." हृदयविकाराचा झटका. मनमाडला पोचेपर्यंत मी वेड्यासारखी खिडकीतून आभाळ बघत होते. माघ सरत आला की आत्याचा रोज फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुमच्याकडं वारा कुठून आहे?" माझी तब्येत, माझं जेवण, सगळं त्यानंतर.

शैलाआत्या रेल्वेतून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी बेजार, तोंडानं फटकळ. मनमाडच्या बाहेर गवताचं मोठं गायरान आहे. हिवाळाभर ती संध्याकाळी तिथं जाऊन बसायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला काही दिसलंच नाही. पिवळं गवत, लांबवर डोंगरांच्या कडा, बस. "इथं काय बघायचंय?" असं विचारलं तर म्हणाली, "गप बस. भाषण नाय इथं." ऊन उतरलं आणि ते आले... भोवत्या नावाचे शिकारी पक्षी, लांब पंखांचे, हिमालयापलीकडून आपल्याकडं हिवाळा काढायला येणारे. दिवसभर रानोमाळ पांगलेले असतात, पण झोपायला एकाच माळावर जमतात, आणि झोपतात जमिनीवर, उंच गवतात. घिरट्या घालत एक खाली उतरला, मग दुसरा, आणि मग बघता बघता सगळं आभाळ त्या गवतात मुरून गेलं. "आलं ध्यानात? ही त्यांची गादी हाय," आत्या म्हणाली.

थंडी सरायला लागली की ती बेचैन व्हायची. आभाळाची निळाई जाऊन त्याला मातकट रंग चढायचा, चंडोल गात गात सरळ वर जायचे, वारा पश्चिमेकडून यायला लागायचा. म्हणजे पाहुण्यांची निघायची वेळ झाली. "आता जातील गं. पण पुढच्या वर्षी आल्यावर त्यांना गवत दिसंल का?" तिची सगळी काळजी या एका प्रश्नात होती. कारण आपल्या लोकांना गवत दिसतच नाही! कागदावर तो माळ 'पडीक', बोलण्यात 'उजाड'. कुणाला तिथला मुरूम हवा, कुणाला प्लॉट. पण आत्याला खरी धास्ती होती ती झाडं लावणाऱ्यांची. झाडांची सावली पडली की गवत संपतं, आणि गवत संपलं की जमिनीवर झोपणारं पाखरू तिथं उतरत नाही. एवढी साधी गोष्ट. मीही आधी तिच्याशी वाद घातला होता की झाडं लावण्यात वाईट काय? "मग मिश्या लावून फिर की तोंडाला. केसच असतात ना त्या पण?" माझ्या पत्रकांचीही ती अशीच टर उडवायची. "भज्यांखाली छान बसतात. तेल पितात चांगलं."

तेराव्याला जेवणं व्हायच्या आधी तिच्याबरोबर नोकरी केलेले एक काका उभे राहिले. भला माणूस. दवाखान्यात धावणारा, खांदा देणारा. डोळे पुसत म्हणाले, "ताईंना निसर्गाची लय आवड. त्यांच्या नावानं त्या उजाड माळावर स्मृतिवन करू. पाडव्याला कुदळ मारू, उन्हाळ्यात खड्डे तापतील, पावसाळ्यात झाडं." सगळ्यांनी माना डोलावल्या. नितीनचे डोळे भरून आले. आणि मी ओरडले, "उजाड नाहीये तो!" पंगतीत वाढणाऱ्यांचे हात थांबले. कुणीतरी पुटपुटलं, "पोरीला धक्का बसलाय." नितीन मला बाजूला घेऊन म्हणाला, "झाडांना विरोध करणारी तू पहिलीच पर्यावरणवाली! आईसाठी एक गोष्ट करतोय, तीही नको?" मुरूमवाल्यांशी भांडायला मी शिकले आहे. रडत रडत रोपं आणणाऱ्या माणसांशी कसं भांडायचं? त्यांच्याविरुद्ध कुठल्या घोषणा द्यायच्या?

गेल्या आठवड्यात मी नितीनला ओढूनच माळावर नेलं. इतक्या वर्षांत तो एकदाही आईबरोबर गेला नव्हता. अर्धेअधिक पक्षी परतलेले, तरी काही उरले होते. खड्ड्यांच्या जागी चुन्याच्या खुणा केलेल्या, पांढऱ्या, सरळ रांगेत. त्या रांगांवरून भोवत्या फिरत राहिले. एक खाली आला, खुणेपाशी बिचकून पुन्हा वर गेला... नितीननं तिथूनच काकांना फोन लावला. "काका, हे थांबवता येईल का?" स्पीकरवर काकांचा मायेचा आवाज आला, "अरे बाळा, मंडप सांगितला, पाहुणे सांगितले. आणि आईचंच नाव लागतंय ना तुझ्या!" नितीननं फोन खिशात ठेवला.

म्हणून आता तुमच्यासमोर हात जोडते. हात जोडायची मला सवय नाही, तरी जोडते. पाडव्याला तिथं रोप घेऊन, फोटो काढायला, श्रद्धांजली वाहायला येऊ नका. तिथं झाड लावणं म्हणजे माझ्या आत्याला दुसऱ्यांदा मारणं आहे. मी अर्ज दिलेत, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्यात. सगळे हसून चहा पाजतात.

त्या संध्याकाळी माळावरून घरी आल्यावर आम्ही ओट्यावर बसून कपड्यांत घुसलेली कुसळं काढत होतो. माळावरून आलेल्या माणसाला ते चुकत नाही. गवताचं टोकदार बी विणीत असं रुततं की एकेक उपसावं लागतं. "ती रोज इथंच बसून साडीतली काढायची," नितीन म्हणाला. "घरभर काटे करते म्हणून मी चिडायचो." बराच वेळ तो काढत राहिला. मग मूठ उघडून त्यानं मला विचारलं, "एवढी कुसळं ती टाकायची कुठं गं?"

गवताचं बीच ते, केरात टाकवेना. आम्ही दोघं तशीच मूठ धरून बसून राहिलो.