ताणाचा तेविसावा दिवस

१९९८ च्या नाताळच्या सुटीत, आष्टी तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बागेचा ताण काकांनी तेविसाव्या दिवशी मोडला. सकाळी नऊला विहिरीवरची मोटार सुरू झाली आणि वीज जाईपर्यंत, म्हणजे दुपारी दोनपर्यंत, चालली.

आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात; हाच ताण. पानं मलूल होतात, काही गळतात. महिना-सव्वा महिन्याने पाणी सोडलं की फूल येतं. आमच्या गावात शाळेत न गेलेल्या माणसालाही हे माहीत असतं. काकांना माहीत नव्हतं. वडिलांचे हे धाकटे भाऊ नागपूरला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, मॅट्रिकला गुणवत्ता यादीत आलेले. त्यांच्या बुद्धीबद्दल मला आजही शंका नाही.

बागेत फिरून आल्यावर झाडाला रोज किती पाणी लागतं याचं गणित त्यांनी वहीत मांडलं. ते बिनचूक होतं. झाडं मरणार, असं त्यांनी जाहीर केलं.

वडील म्हणाले, "लहान्या, ताण देऊन राह्यलो. आता पाणी देलं तं फूल नाई येत."

"का नाही येत? कारण सांग, दादा."

"आपला बाप असंच करे."

"हे कारण नाही."

दुसरं कारण वडिलांकडे नव्हतं. घरात दुसरं पीकही नव्हतं. काका तासभर बोलले. गडी मध्ये काही सांगू लागला, तर झाड श्वास कसा घेतं ते त्यांनी त्याला समजावलं. शेवटी वडील म्हणाले, "तुह्याशी बोलून कोन जितन?" आणि बाजूला झाले.

मूर्ख माणसाने गड्याला विचारलं असतं. काकांना वादात हरायची सवय नव्हती. आणि त्यांच्या निकालाचं कात्रण फ्रेम करून भिंतीला लावणारे आम्ही, मोटारीचा आवाज ऐकत ओसरीवर चहा प्यालो.

फेब्रुवारीत शेजारच्या बागा पांढऱ्या झाल्या. आमच्या झाडांना हिरवीगार पालवी फुटली. फूल एखाद्याच फांदीला. बाग बघायला आलेला व्यापारी बांधावरूनच परतला. वडिलांनी फोनवर कळवलं, तेव्हा काकांनी आधी झाडं जगली ना, असं विचारलं. मग मातीतलं लोह तपासून घ्यायला सांगितलं.

पुढच्या नाताळात काका पुन्हा आले. त्याच सकाळी वडिलांनी मोटारीच्या स्टार्टरचे तिन्ही फ्यूज काढले. काका नागपूरच्या एसटीत बसेपर्यंत ते फ्यूज वडिलांच्या बंडीच्या खिशात होते.