हर्षदचा उजवा कान

"उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही म्हणतो," हर्षदचे वडील सांगत होते. "आर्मीचं मेडिकल नऊ दिवसांवर आलंय आणि आता हे सुरू झालं, मॅडम."

हर्षद बाजूच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. वय एकोणीस, सडपातळ, केस बारीक कापलेले. पळण्याची टेस्ट पास, लेखी पास. लिस्टमध्ये नाव आल्यावर डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीच्या गेटवर मंडळाने त्याच्या फोटोचा बॅनर लावला होता. वडील एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर. दोन वर्षं रोज सकाळी हर्षद पळायचा आणि हे ड्यूटीवर जायच्या आधी सायकलवरून त्याच्या मागे जायचे. हे सगळं वडिलांनीच सांगितलं. मी लिहून घेतलं.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कानाची डॉक्टर नव्हे. कानाला किती ऐकू येतं ते मोजणारी. परळच्या एका ईएनटी क्लिनिकमध्ये बावीस वर्षं हेच करते. आधी सर, म्हणजे इथले कानाचे डॉक्टर, कान तपासतात, मग पेशंट माझ्याकडे येतो. हर्षदच्या पेपरवर सरांनी लिहिलं होतं : पडदा चांगला, मळ नाही, इन्फेक्शन नाही.

मी त्याला बूथमध्ये बसवलं. बूथ म्हणजे बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी छोटी खोली. कानाला हेडफोन, हातात बटण. 'बीप' ऐकू आला की बटण दाबायचं. मी बीप बारीक बारीक करत जाते.

डावा कान उत्तम निघाला. उजव्या कानात आवाज बराच मोठा केल्यावर त्याने बटण दाबलं. मी परत घेतलं, तर आकडा वीस डेसिबलने बदलला. तिसऱ्यांदा आणखी वेगळा. खरोखर कमी ऐकू येणाऱ्या कानाचे आकडे इतके हलत नाहीत.

अशा वेळी एक जुनी टेस्ट असते. एकच सूर दोन्ही कानांत एकाच वेळी सोडायचा, पण उजव्या कानात जास्त मोठा. माणसाला सूर जिकडे मोठा, तिकडेच ऐकू येतो. उजवा कान खरंच अधू असेल तर त्याला डाव्यातला ऐकू येईल आणि तो बटण दाबेल. सोंग करत असेल तर त्याला वाटेल की बीप फक्त उजवीकडे आहे, आणि तो गप्प बसेल.

हर्षद गप्प बसला. मी चार वेळा सूर सोडला, चारही वेळा त्याने बटण दाबलं नाही.

बहिरेपणाचं सोंग मला नवीन नव्हतं. पण तसे येणारे सर्टिफिकेट मागतात. याने काहीच मागितलं नव्हतं. मी सरांकडे गेले.

"ऐकू येतंय त्याला. दाबत नाहीये."

"मग तसं लिहा. रिस्पॉन्स भरवशाचे नाहीत."

"वडील विचारणार, म्हणजे काय."

"विचारू देत. खोटा रिपोर्ट आपण देणार नाही. आणि त्यांच्या घरातलं आपण मिटवणार नाही."

"पाच मिनिटं त्याच्याशी बोलू?"

सरांनी घड्याळ बघितलं. "बाहेर चार पेशंट आहेत. दहा मिनिटं घ्या."

मी बूथमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

"हर्षद, तुझा उजवा कान चांगला आहे. मशीनने सांगितलं मला."

त्याने हेडफोन काढले. "बाबांना सांगणार?"

"आधी तू मला सांग. जायचं नाहीये का?"

"मला पळायला आवडायचं, मॅडम. नाव आलं तेव्हा पण आनंद झाला. मग मंडळातल्या एकाने खांद्यावर हात टाकून विचारलं, बॉर्डरवर जाणार ना रे? त्या दिवसापासून जेवण जात नाही."

"भीती वाटते?"

त्याने होकारार्थी मान हलवली. "आमच्या ग्रुपमधला एक जण कानावरून अनफिट झाला. त्याला कोणी काही बोललं नाही. कान खराब असला तर कोणाची चूक नसते ना."

मला जे करता येत होतं ते मी सांगितलं. "मी टेस्ट परत घेते. जे येईल तेच लिहीन. बाबांना कान चांगला आहे एवढंच सांगेन. पुढचं तुला बोलावं लागेल."

"नाही बोललो तर?"

"तर मेडिकलला जाशील आणि कानात पास होशील."

त्याने बटण पुन्हा हातात घेतलं. मग त्याने स्वतःच हेडफोन लावले. या वेळी प्रत्येक बीपला बटण दाबलं. दोन्ही कान सारखे निघाले.

वडिलांना आत बोलावलं. कान नॉर्मल आहे म्हटल्यावर त्यांनी मला हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाबा," हर्षद म्हणाला, "मला ऐकू येत होतं. मी बटण दाबत नव्हतो."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली रिपोर्टकडे बघितलं. इतका वेळ माझ्याशी नीट मराठीत बोलणारे ते, मुलाशी एकदम मालवणीत बोलले. "खरा सांग. तुका जावचा हा की नाय?"

"माहीत नाही, बाबा. भीती वाटते."

मला वाटलं, ते ओरडतील. त्यांनी रिपोर्टच्या चार घड्या घालून तो खिशात ठेवला. "बॅनर उतरवायला सांगतो," एवढंच म्हणाले आणि त्याच्यासाठी न थांबता बाहेर पडले. हर्षद मागून गेला.

तो मेडिकलला गेला नाही. हे मला कळलं तब्बल चौदा महिन्यांनी, तो एकटाच कान तपासून घ्यायला क्लिनिकमध्ये आला तेव्हा. वडील दोन महिने त्याच्याशी बोलले नव्हते. मग हळूहळू बोलायला लागले. तो लोअर परळला कुरियरच्या ऑफिसात लागला होता. आणि त्याने भरतीचा फॉर्म पुन्हा भरला होता. परत मेडिकलपर्यंत पोचला होता.

"बाबांना माहीत आहे?"

"हो. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना म्हणून."

"भीती गेली?"

"नाही, मॅडम. पण आता घरात सगळ्यांना माहीत आहे."

टेस्टला फार वेळ लागला नाही. तो ट्रेनिंगला गेला, एवढं वडिलांनी फोन करून कळवलं. आता कुठे आहे, मला माहीत नाही.

त्याच्या पहिल्या केसपेपरवर 'माहिती देणारा' असा एक रकाना आहे. तिथे माझ्या अक्षरात 'वडील' लिहिलंय. एकोणीस वर्षांचा मुलगा समोर बसला होता आणि त्याला काय होतंय हे लिहून घेताना मी त्याला विचारलंच नव्हतं. त्यानंतर अठराच्या वरच्या पेशंटशी मी आधी एकट्याशी बोलते, नातेवाइकांना बाहेर बसवते. त्यात वेळ जातो. रांगेतले लोक कुरकुरतात. सरही कुरकुरतात.