गैरहजर शिक्षकाचे नाव

सुनंदा घरत गेल्या हे मला शाळेच्या क्लार्कच्या फोनवरून कळलं, आणि तेही बातमी म्हणून नव्हे. तो म्हणाला, उद्या घरतबाईंची शोकसभा आहे, आपले जुने हेडसर बोलणार होते पण खोकल्यानं त्यांना बोलवत नाही, त्यांच्या जागी तुम्ही दहा मिनिटं बोलाल का? मी आधी हो म्हटलं आणि मग विचारलं, कोणत्या घरतबाई... रोह्याच्या त्या शाळेत मी बावीस वर्षं पर्यवेक्षक होतो. आज कोण आलं नाही आणि त्याच्या वर्गावर कोणाला पाठवायचं, हे ठरवण्यात माझी हयात गेली. 'त्यांच्या जागी' हे शब्द कानावर पडले की माझ्या तोंडून हो आपोआप निघतं.

शोकसभेत मी गोड बोललो. बाई म्हणजे संस्थेचा आधार, बाई म्हणजे निष्ठा, असलं सगळं. समोर माना डोलत होत्या. त्या गोड बोलण्याची मला गेले तीन आठवडे किळस येते आहे, म्हणून हा लेख. हेडसर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्यांचा खोकलाही आता बरा आहे, आणि ही पुरवणी रविवारी सकाळी चहाबरोबर त्यांच्या हातात असते हे मला पक्कं ठाऊक आहे. मी त्यांचं नाव लिहीत नाही. रोह्यात कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

तर ते काम असं होतं. सकाळी साडेसहापासून माझ्या घरी रजेच्या चिठ्ठ्या यायच्या. कोणाची सासू पडली, कोणाचं पोट बिघडलं. चित्रकलेच्या सरांना दर वर्षी गणपतीआधी बरोबर पंधरा दिवस ताप यायचा, कारण त्यांच्या भावाचा पेणला मूर्तींचा कारखाना होता. एक-दोन दिवसांची रजा असली तर ज्यांचा तास मोकळा त्यांनाच मी वर्गावर ढकलायचो, आणि मला येताना पाहून ती मंडळी प्रयोगशाळेत लपायची. पण गणिताचे सर लांब रजेवर गेले की कोणी लपूनही भागत नसे. मग मी चिठ्ठी लिहायचो आणि पेणच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो. कंडक्टर ती पेण स्टँडवरच्या फळवाल्या हमीदभाईंकडे ठेवी. हमीदभाई दुकान शेजाऱ्यावर सोपवून मागच्या आळीत ती पोचवत, आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत घरतबाई रोह्यात हजर. नऊ वर्षांत ती चिठ्ठी एकदाही वाया गेली नाही.

बाई धरमतरच्या खाडीकडच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. गणित घेऊन पदवी, वर बी.एड., आणि नोकरी मात्र नाही. येताना खडू आणि डस्टर स्वतःचं आणायच्या, कारण रजेवर जाणारे सर आपला खण कुलूप लावून जात. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती. जो गैरहजर त्याच्या खुर्चीवर बसायचं आणि तो परत आला की उठायचं. नेमणुकीचा कागद हेडसर 'पुढच्या वेळी नक्की' करून देणार होते. कागद नाही म्हणून मस्टरवर सही नाही. त्यांची सही व्हायची फक्त माझ्याकडच्या बदलीच्या वहीत. तारीख, गैरहजर शिक्षकाचे नाव, वर्ग, त्याजागी कोण, आणि शेवटी सही. बाई शाळेत शिकवत होत्या याचा नऊ वर्षांचा पुरावा म्हणजे त्या वह्या, आणि त्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

गणिताचे सर निवृत्त झाले आणि जागा मोकळी झाली. बाईंनी अर्ज केला. जिल्ह्याच्या ऑफिसातून विचारणा आली, आधी काम केल्याचा पुरावा असल्यास जोडा. त्याच आठवड्यात हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावून त्या जुन्या वह्या आणून द्यायला सांगितलं. त्यांच्या धाकट्या सुनेचं बी.एड. त्याच वर्षी पुरं झालं होतं. मला काय कळायचं ते कळलं. तरीही मी कपाट उघडलं, नऊच्या नऊ वह्या काढल्या, सुतळी बांधली आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. माझं पर्यवेक्षकपद टिकायला हवं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. दोन दिवसांनी ते मला म्हणाले, वाळवी लागली होती, जाळाव्या लागल्या, कोणी विचारलं तर तसं सांगा.

विचारायला कोण येणार होतं... बाईच आल्या. मी पढवल्यासारखं सांगितलं, वह्यांना वाळवी लागली. त्या माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत राहिल्या. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या बाई त्या दिवशी घरचं बोलल्या.

"सर, तुमचं कपाट लोखंडी हाय."

एवढंच म्हणून निघून गेल्या.

सून लागली. वर्षभरात तिची बाळंतपणाची रजा आली, दहावीचा वर्ग उघडा पडला, आणि हेडसरांनी मला बिनदिक्कत सांगितलं, पेणला चिठ्ठी टाका. मी टाकली, म्हणजे मीही काही कमी निर्लज्ज नव्हतो. तीच चिठ्ठी दुपारच्या गाडीनं परत आली. मागच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आपल्या दप्तराप्रमाणे मी आपल्या शाळेत एकही तास घेतलेला नाही. अनोळखी बाईच्या हाती दहावीचा वर्ग कसा देता?' हेडसरांनी ती वाचली आणि बारीक घडी करून खिशात घातली. त्या सत्रात दहावीच्या गणितावर मी चित्रकलेच्या सरांना पाठवलं.

पुढच्या जूनमध्ये बाईंनी पेणचं बिऱ्हाड हलवलं आणि रोह्याला लागूनच्या वरसे गावात खोली घेतली. अख्खं वरसे पडलं होतं, पण खोली घेतली ती हेडसरांच्या बंगल्यासमोर, जनाकाकूंच्या घरात. संध्याकाळी सहाला हेडसर गॅलरीत झोपाळ्यावर चहा प्यायचे. बरोबर सहाला समोरच्या ओटीवर बाईंचा फुकट वर्ग सुरू व्हायचा. आमच्याच शाळेची चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज एकशे ऐंशी अंश. पहिल्या महिन्यात झोपाळा आत गेला, दुसऱ्या महिन्यात खिडक्या बंद झाल्या. सूनबाईंच्या तासाला पोरं चक्क जांभया द्यायची, कारण धडा आदल्या संध्याकाळी त्यांच्याच घरासमोर शिकून झालेला असे. हे एक-दोन वर्षं नव्हे, सतरा वर्षं चाललं. मला त्याचा फार आनंद होई. आजही होतो, लपवत कशाला.

त्या आनंदात एकदा मीही तिथे गेलो. वर्ग सुटल्यावर म्हणालो, बाई, माझं चुकलं. त्या फळा पुसत होत्या. पुसून झाल्यावर वळल्या.

"चुकलं नाय, सर. चुकलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं असतं तुमी."

मला वाटलं होतं, शत्रू एकच आहे आणि आम्ही दोघं एका बाजूला आहोत. हेडसर, तो वर्ग एकट्या तुमच्यासाठी आहे असं तुम्हाला वाटलं असेल, माझाही तोच गैरसमज झाला होता. वह्या तुम्ही जाळल्यात, पण कपाट मी उघडलं. तुम्ही हयात आहात आणि मीही आहे, म्हणून दोघांची करणी एकाच कागदावर यावी एवढ्यासाठी हे छापायला दिलं आहे. तुमचं नाव रोह्याला ठाऊक आहे, माझं लेखाखाली आहेच.

गेल्या सोमवारी संध्याकाळी मी वरशाला गेलो. वाटलं होतं ओटी रिकामी असेल. वर्ग चालू होता. धाटावच्या कंपनीतली पहिली शिफ्ट करून आलेला, बाईंचाच एक जुना विद्यार्थी समीकरणं सोडवून दाखवत होता. जनाकाकूंनी सांगितलं, आजार पोटाचा आहे आणि फार दिवस नाहीत हे कळल्यावर बाईंनी अंथरुणातूनच सगळं लावून दिलं. कोणत्या वारी कोण, कोणाची शिफ्ट बदलली तर त्याच्या जागी कोण. भिंतीवर कागद चिकटवला होता. रकाने माझ्याच वहीचे, ओळीनं तसेच. दुसऱ्या रकान्यात, गैरहजर शिक्षकाचे नाव या शब्दांखाली, वरपासून खालपर्यंत सहा वेळा लिहिलं होतं... सुनंदा घरत. आमच्या शाळेत नऊ वर्षांत त्या रकान्यात बसायचा मान आम्ही त्यांना मिळू दिला नव्हता. गैरहजर राहायला आधी शिक्षक असावं लागतं.

शनिवारपुढे त्याजागी कोण हा रकाना कोरा होता. मी काकूंना म्हटलं, गणित नाही येत मला, पण शनिवारी येऊन पोरांना बसवून तरी ठेवीन. काकूंनी पदरानं हात पुसले.

"शनिवारी वर्ग बंद ठेवा म्हणाली बाय. कोन नाय मिलला तरी चालंल, पन पर्यवेक्षकांना बसवू नका."