हिरड्यांच्या रंगाचा ट्रक

काही माणसं रागावली की भांडी आपटतात, काही अबोला धरतात. बत्तिशीबाई रागावल्या की घर आवरायच्या. कात्री खिळ्याला, झाकण बरणीला, फडकं दांडीला. आणि प्रत्येक वस्तू जागेवर ठेवताना असा आवाज, की सगळा गुन्हा त्या वस्तूनंच केलाय. गेले अकरा महिने त्यांचं घर इतकं आवरलेलं होतं, की नवऱ्याला स्वतःचा चष्मा सापडत नव्हता.

बत्तिशी हे नाव त्यांना धंद्यानं दिलेलं. घराच्या मागच्या खोलीत त्या तीन दवाखान्यांसाठी कवळ्या करायच्या. दवाखान्यातून जबड्याचं माप यायचं. त्यात प्लास्टर ओतायचं, वर मेणात एकेक दात रचायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक. तीस वर्षं हेच काम. रस्त्यात एखादे आजोबा त्यांच्याकडे बघून हसले, तर बाई आजोबांकडे बघायच्या नाहीत, आपल्या कामाकडे बघायच्या. "खालचा डावा सुळा झिजलाय, दाखवून घ्या," एवढं सांगून पुढे. आजोबा जागच्या जागी तोंड मिटायचे.

आता या बाईंचं आणि रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचं काय नातं? नातं भावाकडून. थोरला भाऊ टर्नर, स्वतःचं लेथ मशीन असलेला. लहानपणी वडिलांनी त्याला एक खेळण्यातली मोटार आणून दिली होती, वायरवर चालणारी. वायरचं टोक दादाच्या हातात. मोटार उलटली की पळत जाऊन सरळ करायची, हे काम बाईंकडे. त्यांची चौथी ते सहावी या कामात गेली. पुढे दोघांची लग्नं झाली, केस पिकले, आणि एके दिवशी दादा म्हणाला, "छोटे, आपण एक ट्रक करू या का? खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याचा. दुकानातला एकही पार्ट नको." दोन वर्षं दोघं खपले. वाटणी साधी होती: गोल ते दादाचं, वाकडंतिकडं ते बाईंचं. शाफ्ट, चाकं, अ‍ॅक्सलमध्ये गिअर ज्यात बसतात त्या गोल डब्या लेथवर निघायच्या. गिअरचे दाते, केबिन बाई मेणात कोरून ओतायच्या. हातभर लांबीचा तो ट्रक झाला तेव्हा गावातली निम्मी तोंडं ज्या हातांनी भरली, त्या हातांनी बाईंनी टाळी वाजवली. रिमोट अर्थातच दादाच्या हातात होता.

गावाबाहेरच्या बंद दगडखाणीत महिन्यातल्या एका रविवारी असे ट्रकवाले जमायचे. सगळे चाळिशी-पन्नाशीचे गडी. कोणी 'खेळणं' म्हटलं की दुखावणारे. खाणीच्या मधोमध एक उभा कातळ होता, दोन पुरुष उंच, आणि वरती एक पायरी बाहेर आलेली. त्याचं नाव सासू. कारण तिला जिंकलेला अजून कोणी नव्हता.

गेल्या वर्षी दादानं ट्रक सासूवर घातला. पायरीपर्यंत गेला, आणि तिथे मागून 'कट' असा आवाज आला. ट्रक घसरला, दोन कोलांट्या खाऊन बाईंच्या पायाशी पडला. केबिनचे तुकडे झाले होते. बाई वाकून ते वेचत होत्या आणि दादा वरून सगळ्यांना सांगत होता, "आमच्या बाईसाहेबांच्या दात्यांनी दगा दिला! कवळी करणाऱ्यानं कवळीच करावी म्हणतात ते उगाच नाही."

"मग काय झालं दादा," पेट्रोलपंपवाला ओरडला, "पडलेले दात बसवणं तर घरचंच काम आहे!"

अख्खी खाण हसली. बाईंनी ट्रक उचलला, पदरात तुकडे बांधले आणि साडेतीन किलोमीटर चालत घरी आल्या. दादा गाडी घेऊन मागे आला होता. त्यांनी मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागचा अ‍ॅक्सल उघडला. दाते मोजले. अडतीसच्या अडतीस जागेवर, एकाचाही टवका उडालेला नाही. तुटला होता तो शाफ्ट. दादाचा, लेथवरचा. जाड शाफ्ट जिथे बारीक होतो तिथल्या कोपऱ्याला थोडी गोलाई ठेवावी लागते. कोपरा टोकदार राहिला की सगळा ताण तिथेच साचतो आणि शाफ्ट तिथूनच मोडतो. हे बाईंना माहीत होतं, कारण हे त्यांना दादानंच शिकवलं होतं. आणि समोरच्या तुकड्याचा कोपरा नखाला लागेल इतका टोकदार होता.

"मग जा आणि दाखव त्याला," नवरा म्हणाला.

"कुठे? त्याच्या घरी? चहा पिता पिता? बोलला चारचौघांत, ऐकेलही चारचौघांत."

"बरं, खाणीत दाखव."

"नुसता तुकडा घेऊन गेले तर म्हणेल, रडत आली. आधी ट्रक सासूवर चढेल. माझ्या पार्टवर, माझ्या हातानं. मग दाखवीन."

तो तुकडा त्यांनी कवळी ठेवायच्या डबीत ठेवला आणि झाकण लावलं. खाडकन.

पुढचे अकरा महिने दुपारच्या वेळी मागच्या खोलीत एका बाजूला कवळ्या आणि दुसऱ्या बाजूला ट्रक. घरात जे होतं त्यातूनच सगळं करायचं, हा हट्ट. केबिन कवळीच्या अ‍ॅक्रिलिकची, म्हणून हिरड्यांच्या रंगाची. पुढचे दिवे दातांच्या पांढऱ्याचे, तेही अगदी पांढरे नाहीत, साठीतल्या माणसाला शोभतील असे किंचित पिवळट. झोपेत दात खाणाऱ्यांसाठी जी पारदर्शक पट्टी तापवून दाबतात, तिची काच. कवळी अडकवायच्या तारेचा बंपर. शाफ्टही त्यांनी ओतला, दातांच्या पट्ट्या ज्या कडक धातूच्या करतात त्याचा. पहिल्यात बुडबुडा निघाला, दुसरा वाकला, तिसरा जमला. कोपऱ्याला गोलाई आपोआप आली. मेणाला टोकदार राहा म्हटलं तरी ते राहत नाही. मेणाला जे कळतं ते माणसाला कळत नाही, असं त्या मेणालाच सांगत होत्या.

पुढचा अ‍ॅक्सल तेवढा दादाचा राहिला. तोही फेकायचा म्हणून त्यांनी उघडला. आत काम इतकं सुबक होतं, डावं-उजवं इतकं तंतोतंत सारखं, की फेकवेना. म्हणून त्यांना आणखी राग आला.

मध्येच एकदा वहिनीचा फोन आला. "अगं, हे विचारतायत, बारीक स्क्रू हवेत का?"

"त्याला सांग, माझ्याकडे भरपूर आहेत."

एकही नव्हता. जाड स्क्रू घासून बारीक करण्यात त्यांच्या चार दुपारी गेल्या.

ट्रक पुरा झाला तो शनिवारी. बाईंनी तो पालथ्या वाडग्यावर ठेवला, चाकं अधांतरी, आणि रिमोट दाबला. चारही चाकं भिरभिरली. त्यांनी लगेच बंद केलं, बॅटरी उद्यासाठी राखून. जमिनीवर चालवून बघावं असं नवरा म्हणाला. "उद्या. पहिल्यांदा सासूवरच." रागाचं हे असंच असतं. मुहूर्त आधी ठरतो, तालीम राहून जाते.

रविवारी खाणीत बाई उतरल्या तेव्हा सगळ्यांत आधी पंपवाला पुढे आला. "बाई, हा ट्रक हसतोय की काय?"

"तुमच्या वरच्या दोन दाढा सडल्यात," बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा कमी हसा."

दादा लांब उभा होता, खिशात हात घालून. अकरा महिने तो दर वेळी येत होता म्हणे, ट्रकशिवाय. बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. तो कुठे उभा आहे ते मात्र त्यांना नेमकं माहीत होतं. डबी कमरेला होती. त्यांनी ट्रक सासूच्या पायाशी ठेवला आणि रिमोट दाबला.

ट्रक हलला नाही. जागच्या जागी थरथरायला लागला, ताप भरल्यासारखा. पुढची चाकं पुढे जायला बघत होती, मागची मागे. मोटर कण्हत होती, खडी दोन्ही बाजूंना उडत होती.

"अहो, याचं स्वतःशीच पटेना!" पंपवाला दाढा विसरला. पुन्हा सगळी खाण हसली. तोच आवाज, तीच खाण.

बाईंच्या कानशिलाला आग लागली. चूक त्यांना एका क्षणात दिसली, आणि ती दुसऱ्या कोणाची नव्हती. कवळीच्या कामात जबडा समोर तोंड वासून ठेवलेला असतो. पेशंटचा उजवा तो आपला डावा, हे तीस वर्षांत हाताला इतकं बसलेलं, की डोक्याला विचारावंही लागत नाही. मागच्या अ‍ॅक्सलचं झाकण पाठीमागून उघडतं. बाईंनी तो टेबलावर तसाच ठेवला होता, झाकण काढून, तोंड आपल्याकडे. दादाच्या जुन्या कागदावर लिहिलं होतं, मोठा गिअर उजवीकडे. बघायचं होतं ट्रकच्या मागून, म्हणजे आपलाच उजवा. पण हाताला ट्रकची पाठ दिसलीच नाही. हाताला पेशंट दिसला. गिअर डावीकडे बसला, आणि त्याच्यावर बेतून अ‍ॅक्सलची डबीही तशीच ओतली गेली.

दादा येऊन उकिडवा बसला.

"हात लावायचा नाही."

"लावत नाही. बघतो फक्त." त्यानं चाकं बघितली. त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"हस," बाई म्हणाल्या. "हस ना! मागच्या वर्षी हसलास, यंदा का लाजतोस? आणि हसून झालं की हे बघ."

त्यांनी डबी त्याच्या हातात कोंबली. आधी चढाई आणि मग डबी, हा अकरा महिन्यांचा बेत गेला खड्ड्यात. दादानं झाकण उघडलं, तुकडा काढला, आणि सवयीनं त्याचं अंगठ्याचं नख कोपऱ्याकडे गेलं. टर्नर माणूस जगाशी खोटं बोलेल, स्वतःच्या नखाशी नाही. त्याचा चेहरा उतरत गेला.

"कोपरा राहिला," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"अगं, लोक बघतायत."

"लोकांसमोरच बोलला होतास. लोक तेच आहेत. एकही बदलून आणलेला नाही."

दादा उठला. गुडघे झटकले. मग खाणीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागच्या वर्षी शाफ्ट तुटला. शाफ्ट माझा होता. गोलाई ठेवायची मी विसरलो. हिचे दाते शाबूत होते."

कोणी हसलं नाही. पंपवाल्याला एकदम स्वतःची बॅटरी तपासायची आठवण झाली.

हे ऐकलं की राग उतरेल, असं बाईंना अकरा महिने वाटत होतं. उतरला नाही. उलट 'विसरलो' या शब्दावर जाऊन बसला. विसरलास? आणि तपासलंही नाहीस, आधी माझं नाव घेतलंस.

"आता नेते घरी," त्या म्हणाल्या. "अ‍ॅक्सलची डबी नवी ओतावी लागेल."

"नको. पुढचाही उलटा बसवू."

"काय?"

"पुढच्या अ‍ॅक्सलची माझी डबी दोन्हीकडून सारखी आहे. गिअर इकडचा तिकडे जातो. पुढचा-मागचा दोन्ही उलटे झाले, की मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. ट्रक सरळ."

"तुझा सरळ आहे, तो कशाला उलटा करायचा?"

"तुझा सरळ होत नाहीये म्हणून."

याचाही बाईंना राग आलाच. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. दादा तळहात पसरून समोर बसला आणि निघतील तसे स्क्रू त्यावर घेत गेला. एक स्क्रू त्यानं उन्हात धरून बघितला. "घासलेयस?"

"भरपूर होते ना माझ्याकडे."

पाऊण तासानं ट्रक पुन्हा सासूसमोर उभा राहिला. दादाचा हात सवयीनं रिमोटकडे आला. बाईंनी त्या हाताकडे नुसतं बघितलं. हात खिशात गेला.

ट्रक चढू लागला. गुलाबी केबिन कातळावर बोटभर बोटभर सरकत होती. पायरीखाली पुढचं चाक अडलं.

"डावीकडे घे, डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?" बाई ओरडल्या.

ट्रक कलला, घसरला आणि हातभर खालच्या कपारीत उलटा पडला. बाई जागच्या हलल्या नाहीत. अंगठे रिमोटवर, नजर दादावर. दादानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग चपला काढल्या आणि हातापायांवर कातळ चढून गेला. ट्रक सरळ केला आणि धापा टाकत बाजूला झाला. बाईंनी पुन्हा रिमोट दाबला. या वेळी त्यांनी चाक उजवीकडे वळवलं. मागचा अ‍ॅक्सल कुरकुरला, शाफ्ट ताणला गेला, 'कट' असं काही झालं नाही, आणि पिवळट दिव्यांचं ते हिरड्यांच्या रंगाचं तोंड पायरीवरून वर निघून गेलं.

टाळ्या वाजल्या. पंपवाल्यानंही वाजवल्या, तोंड मिटून.

दादा खरचटलेले तळहात झटकत खाली आला. "टिकले गं दाते."

"दाते मागच्या वर्षीही टिकले होते."

"झालं ना आता? म्हटलं ना सगळ्यांसमोर?" त्यानं खिशातली डबी काढली. "हा तुकडा टाकून देतो इथेच."

बाईंनी डबी काढून घेतली. "मी कुणाचं माप टाकत नाही. पेशंट परत कधी येईल सांगता येत नाही."

परत येताना मात्र त्या दादाच्या गाडीत बसल्या. मागच्या सीटवर, ट्रक मांडीवर घेऊन. घरी आल्यावर स्क्रूड्रायव्हर त्यांनी जेवणाच्या टेबलावर तसाच टाकला. नवऱ्यानं तो पाहिला आणि शहाण्यासारखं आपलं ताट त्याच्या बाजूला मांडलं. डबी तेवढी जागेवर गेली. खाडकन.