शेंगावालीचा राग

जपानी माणसं फार नम्र असतात, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अबू धाबीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी जपानी बाई दर हिवाळ्यात नवऱ्याला बदडायची, तेही भुईमुगाच्या शेंगांनी. तिचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही. समोर मी तिला मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे शेंगावाली.

ती जपानच्या उत्तरेकडची, बर्फाच्या मुलखातली. तिकडे हिवाळा सरताना, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, घरातला पुरुष राक्षसाचा मुखवटा घालतो आणि बायकापोरं त्याला दाणे मारून बाहेर हाकलतात. 'राक्षस बाहेर, सुख आत' असं ओरडायचं. इतरत्र भाजलेले सोयाबीन मारतात. हिच्याकडे शेंगा, कारण त्या बर्फात पडल्या तरी उचलून खाता येतात. मग ज्यानं त्यानं आपल्या वयाइतके दाणे खायचे. पहिल्या वर्षी तिनं वय विचारलं आणि मी बावळटानं पाच वर्षं चोरली. दाणे पाच कमी मिळाले. सोलापूरची मी, शेंगांसाठी जीव टाकणारी!

शेंगावाली रागवायची ती सण साजरा करावा तशी, मन लावून. वॉचमनवर, लिफ्टवर, वाळूवर. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी ती टबात लिंबं सोडून आंघोळ करायची. एवढ्या लिंबांत बरणीभर लोणचं झालं असतं, असं मी म्हटलं तर माझ्यावरच उखडली. "बाथ, नो सिक! पिकल कॅन डू?"

आणि मी? मी रागावले की भांडी जरा मोठ्यानं घासायचे. कुणी विचारलंच तर "छे हो, कुठे काय!" आज ती तेव्हाची मी समोर आले तर स्वतःलाच दोन थोबाडीत देईन.

डिसेंबर संपताना शेंगावाली घर उपसून काढायची. जुन्या वर्षाची धूळ नव्या वर्षात न्यायची नाही, हा तिच्याकडचा दंडक. एका वर्षी स्वतःचं घर लख्ख करून ती फडकं घेऊन आमच्याकडे उतरली. फ्रिजवर खजुराच्या डब्याखाली तिला एक कागद सापडला. "ओल्ड? थ्रो?"

फेकायचा नव्हता. एका भारतीय शाळेनं मला गणित शिकवायला बोलावलं होतं. मी नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणून त्याची हरकत नाही असं त्यानं लिहून द्यावं लागे. पदवी माझी, बोलावणं मला, आणि सही ह्यांची! मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका फॅब्रिकेशन कंपनीत दिवसभर ढिगानं सह्या करणारा हा माणूस ह्या एका कागदापुढे आला की म्हणायचा, "बघू गं. इन्शाल्ला." एप्रिलला शाळा उघडणार होती. तोवर कागद गेला नाही तर जागा दुसरीला.

सगळं ऐकून शेंगावालीनं फडकं आपटलं. "यू नो अँग्री? व्हाय नो अँग्री?"

"ही इज गुड मॅन, मॅडम," मी पुटपुटले.

"गुड मॅन, गुड मॅन!" ती फणकारली. "गुड मॅन हॅव पेन?"

फेब्रुवारीत तिचा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर अडकला. राक्षस तर हवाच. ती परडीभर शेंगा आणि मुखवटा घेऊन थेट आमच्या दारात. ह्यांना गंमत वाटली. मुखवटा चढवून म्हणाले, "यल्ला, मारा!" मुलांनी हसत मारल्या. मी एक शेंग हलकेच टाकली आणि विचारलं, "अहो, लागलं का?"

शेंगावालीनं माझं मनगट धरलं. "नो! दिस नॉट पिजन! दिस डेव्हिल!"

मग माझ्या हातात मूठभर शेंगा कधी आल्या कळलं नाही. "बघू म्हणे! कधी बघणार? शाळेला सुट्टी लागल्यावर?" दुसरी मूठ. "इन्शाल्ला म्हणे! देवाला कशाला मध्ये घालता? पेन तुमच्या खिशात आहे ना?"

मुखवट्यामागून आवाज आला, "अगं, मुलं बघतायत."

"बघू देत!"

मुलगी रडकुंडीला आली. "ममा, इट्स जस्ट अ गेम!"

"नाहीये गेम," मी म्हणाले, आणि परडी संपेपर्यंत ह्यांना जिन्यापर्यंत हाकललं. शेंगावाली मागून दणदणीत ओरडत होती.

हे आठवडाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी सही केलेला कागद टेबलावर आपटला. "घे. बिल्डिंगभर तमाशा नको." ना माफी, ना कौतुक. त्याचा मला अजून राग येतो. पण सही ती सही. त्या सहीवर मी केस पांढरे होईस्तोवर शिकवलं.

पुढच्या हिवाळ्याआधी शेंगावालीच्या नवऱ्याची बदली झाली. निरोप घेताना मी रडायला लागले. ती कमरेत वाकून नमस्कार करून उठली आणि खेकसली, "नो क्राय! अँग्री! बेटर!" मुखवटा माझ्या हातात कोंबून गाडीत बसली. पत्ता द्यायचा राहिला. तिच्यावर माझा तेवढा एक राग आहे.

आता पुण्यात दर फेब्रुवारीला मी शेंगा भाजते आणि वय न चोरता दाणे खाते. दात कुरकुरतात. नात म्हणते, "आजी, दॅट्स अ लॉट!" असू दे.

परवा शारजाहून मुलीचा फोन आला. त्याच, 'जस्ट अ गेम'वालीचा. दुबईत मोठी नोकरी चालून आलीय, आणि जावई म्हणतात, "बघू." वर ही म्हणते, "ममा, ही इज नाइस, यू नो."

मी फोन ठेवला. ह्यांनी सगळं ऐकलं होतं. स्टुलावर चढून त्यांनीच भिंतीवरचा मुखवटा उतरवून माझ्या हातात दिला. मी तो कुरिअरनं धाडला. सोबत दोन किलो शेंगा, आणि वर एकच सूचना: लागलं का, असं विचारायचं नाही.