मिठाची काच

बाई यंत्राजवळ कुणाला उभं राहू द्यायच्या नाहीत. खोलीत मिट्ट काळोख करून, दाराच्या फटीत काळं फडकं कोंबून आम्ही बसलेलो असायचो, आणि तरीही त्या शांतपणे म्हणायच्या, "मागे सर रे, तुझा उजेड पडतोय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. मग त्यांनी माझं मनगट धरून हात यंत्रासमोर आणला, आणि मीटरची सुई सरकन पलीकडे गेली. जे जे गरम ते ते उजेड देतं, फक्त तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्यालाच अवरक्त म्हणायचं. एवढं शिकवून त्यांनी मला दाराशी नेऊन उभं केलं. माझ्या संशोधनाची बरीचशी वर्षं मी त्या दाराशीच काढली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबईच्या उपनगरात विद्यापीठाच्या आवारात एक बैठी इमारत होती, तिच्या टोकाच्या खोलीत बाई ताऱ्यांचा हा न दिसणारा उजेड टिपणारं यंत्र तयार करत होत्या. त्याच्या पोटातला डिटेक्टर तिळाएवढा. तो अतिथंड ठेवावा लागे, नाहीतर स्वतःच्याच उबेनं तो आंधळा होई. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागायचा. भांडुपच्या एका कारखान्यातून तो मोठ्या थर्मासमध्ये भरून बाई टॅक्सीनं आणायच्या, थर्मास दोन्ही पायांमध्ये धरून आणि टॅक्सीच्या सगळ्या काचा खाली करून. झाकणातून पांढरी वाफ निघे आणि टॅक्सीवाला आरशातून बघत राही. मुलुंडला त्या राहत त्या इमारतीत मात्र एवढीच बातमी पोचली होती की बाई काहीतरी गार करण्यावर संशोधन करतात. त्यामुळे त्यांचं नाव पडलं फ्रीजवाल्या बाई. कुणाच्या फ्रीजमध्ये बर्फ धरला नाही की बोलावणं यायचं. बाई खरंच जायच्या, मागची जाळी पुसून द्यायच्या, आणि चहा न घेता परत यायच्या.

बोलणं कमी. हसणं त्याहून कमी. पण एका बाबतीत त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. मोजताना जो आकडा येईल तो तसाच लिहायचा. एकदा मी एक वेडावाकडा आकडा गाळला, कारण तो उघडच चुकीचा होता. बाईंनी सगळा दिवस माझ्याशी एक शब्द काढला नाही. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "आलं ते लिहायचं. आवडलं ते लिहायचं नसतं." त्यांच्याइतकं खरं बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि ते सोबतीला फार सोयीचं असतं असंही नाही.

त्या यंत्राला एक खिडकी होती, आणि ती मिठाची होती. अगदी खरोखर मिठाचा मोठा स्फटिक कापून, घासून, काचेसारखा पारदर्शक केलेला. साधी काच हा उजेड अडवते, मीठ तो आत सोडतं. परदेशातून आलेली ती एकच चकती आमच्याकडे होती. आता मुंबईच्या हवेत मिठाची काच सांभाळायची म्हणजे काय, हे ज्याच्या घरी बरणीतलं मीठ पाझरलं आहे त्याला सांगायला नको. तिच्यावर कायम झाकण असे, झाकणात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुरचुंडी असे, आणि त्या खोलीत पाण्याचा पेला न्यायलासुद्धा बंदी होती.

या बंदीला वर्षातून एक अपवाद होता. खंडेनवमीला बाईंची आई यायची. कोकणातून नवऱ्यामागे गिरणगावात आलेली, त्याच्या माघारी लेकीबरोबर मुलुंडला राहणारी बुटकी, ठाम बाई. आम्ही त्यांना आजी म्हणायचो. लेकीनं लग्न न करता शिकत राहावं म्हणून सगळ्या भावकीशी ती एकटी भांडली होती. लेक काय करते ते तिला कळत नव्हतं, पण यंत्राची पूजा कशी करतात ते कळत होतं, आणि तेवढा आपला वाटा ती सोडत नसे. बाई आदल्या दिवशीच यंत्र प्लास्टिकनं गुंडाळून ठेवायच्या. आजी त्यावरूनच हळदकुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या, आम्हाला साखरफुटाणे द्यायच्या आणि दुपारपर्यंत निघून जायच्या.

एका वर्षी खंडेनवमीपर्यंत यंत्र पुरं झालं होतं. डिसेंबरात डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर आम्हाला निरीक्षणासाठी थोड्या रात्री मिळाल्या होत्या, आणि त्या मिळवण्यात बाईंची कित्येक वर्षं गेली होती. शेवटची मोजणी चालू असल्यामुळे प्लास्टिक काढलेलं होतं, नुसतं झाकण होतं. आजींना मोतीबिंदू झालेला. त्यांनी चाचपत झाकण शोधलं आणि उचललं.

"देवाचा तोंड झाकून कोण पूजा करता गो?" त्या म्हणाल्या.

मी दाराशी होतो. बाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर होत्या. आजींनी तांब्यात फूल बुडवलं, खिडकीवर पाणी शिंपडलं, मग ओल्या बोटानं मधोमध हळद लावली, तीवर कुंकू. थांबवायला वेळ होता. बाईंचा हात थोडा वर आला आणि तिथंच राहिला. आजींनी नमस्कार केला, बाईंनीही केला. मग त्यांनी आईला हाताला धरून फाटकापर्यंत नेलं आणि टॅक्सीत बसवून दिलं.

त्या परत आल्यावर मी जवळजवळ ओरडलोच, की बाई, तुम्ही बोलला का नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या. "बोलले असते तर ती परत इथे आली नसती," त्या म्हणाल्या, आणि स्पिरिटची बाटली मागितली.

काच वाचली नाही. बाईंनी ती मऊ कपड्यावर स्पिरिटनं घासून पाहिली, धुरकटपणा थोडा कमी झाला, पण थंडावा टिकावा म्हणून यंत्राच्या आतली हवा काढायला लागलो तसा तिला तडा गेला. दुसरी परदेशातून यायला वर्ष लागणार होतं. आमच्या रात्री दुसऱ्या गटाला गेल्या. मला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. बाई तर रोज वेळेवर येत होत्या, वेळेवर जात होत्या.

डिसेंबरात त्या तरीही डोंगरावर गेल्या, त्या गटाच्या हाताखाली काम करायला. मलाही नेलं. परतल्यावर सामान पोचवायला मी मुलुंडला गेलो. आजी दारातच उभ्या होत्या. आम्ही आत येण्याआधीच त्यांनी विचारलं, "तारो दिसलो काय?"

बाईंनी चपला काढल्या, नीट कडेला ठेवल्या. "दिसला," त्या म्हणाल्या. "रोहिणी. तू पूजा केलेल्या यंत्रातून."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आजींनी त्या दिवशी शिरा केला आणि प्रत्येक मजल्यावर जाऊन वाटला. पुढे महिनोन् महिने त्या भेटेल त्याला रोहिणीचं सांगत होत्या, आणि बाई ऐकत असायच्या.

श्रावणात आजी गेल्या. मी गेलो तेव्हा शेजारणी बाईंना सांगत होत्या, की शेवटपर्यंत त्या तुमच्या ताऱ्याचंच बोलत होत्या हो. बाई मान हलवत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, माझ्याही नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर त्या कामावर आल्या. नवी काच आली, ती बसवली, आणि पुढच्या डिसेंबरात आम्हाला पुन्हा रात्री मिळाल्या.

अवरक्त उजेडाला पुरता काळोख लागत नाही. डोंगरावर अजून संधिप्रकाश होता तेव्हाच दुर्बीण पूर्वेला रोहिणीवर वळवली. सरकत्या कागदावर मोजणीची रेघ आपोआप काढणारं यंत्राचं पेन थोडं थरथरलं, मग वर चढलं आणि वरच राहिलं. तिथली माणसं बाईंचं अभिनंदन करायला पुढे आली. बाईंनी सगळ्यांना नमस्कार केला.

माणसं पांगल्यावर मी म्हटलं, "बाई, आली की हो रोहिणी."

त्या सरकणाऱ्या कागदाकडे बघत होत्या.

"आईला हे मी आधीच सांगून टाकलंय रे," त्या म्हणाल्या. "आता घरी जाऊन सांगण्यासारखं काही राहिलं नाही."